कारणाची चौकट

ज्या चौकटीपुढे लाल चांदणी असते ती भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही, हे आता तुम्हाआम्हाला कोणी शिकवायला नको. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, घरबसल्या मोबाइलवर, सगळीकडे तीच तऱ्हा. घराला क्रमांक नसला तरी क्रमांक भरा. मधलं नाव नसलं तरी मधलं नाव भरा. मग आपण काय करतो? काहीतरी भरतो. एक टिंब, एक शून्य, यादीतला पहिला शब्द. पडदा सरकतो, आपण सुटलो म्हणतो आणि विसरून जातो.

ही गोष्ट अशाच एका चौकटीची आहे. ती वाचून तुमचं मन प्रसन्न होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रुग्णालय मोठं होतं, सार्वजनिक होतं आणि कायम भरलेलं असायचं. तळमजल्यावर नोंदणी विभाग. चार खिडक्या, प्रत्येकीला काच आणि काचेला बोलण्यासाठी गोल भोक. ते भोक अशा उंचीवर पाडलं होतं की उंच माणसाला वाकावं लागे आणि बुटक्याला टाचा उंच कराव्या लागत. दोन नंबरच्या खिडकीत जी बाई बसायची, तिला सगळा विभाग ‘सुपरफास्ट’ म्हणायचा. शेजारच्या खिडकीत एक नोंद होईपर्यंत हिच्या तीन उरकलेल्या असत. भिंतीवरच्या फळ्यावर दर आठवड्याला नोंदींचे आकडे लागत आणि पहिला नंबर हिचाच असे. सहा वर्षं ती कंत्राटावर होती. यंदा तिला कायम करायचं, असं साहेबांनी दोनदा बोलून दाखवलं होतं. बाई वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसांच्या गोष्टी वाचून आपल्याला उगाच हायसं वाटतं.

तिच्याकडे डायलिसिस विभागाची हजेरी होती. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली असतात त्यांचं रक्त मशीनवर शुद्ध करून द्यावं लागतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. एक खेप चुकली तर अंगात पाणी साठतं, दोन चुकल्या तर धाप लागते, आणि त्यापुढचं बोलायची गरज नाही. वरून रोज दुपारी हजेरीचा कागद खाली यायचा. आलेल्यांपुढे खूण, न आलेल्यांपुढे फुली. फुलीचं कारण कागदावर नसायचं. वरच्या सिस्टरांना तेवढी सवड नव्हती. पडद्यावर मात्र कारणाच्या चौकटीपुढे लाल चांदणी होती.

चौकटीवर क्लिक केलं की यादी उघडे. असहकार, आजारपण, कौटुंबिक अडचण, मशीन बंद, वाहतूक, अन्य. आजारपण निवडलं की कोणता आजार आणि कोणत्या डॉक्टरांनी पाहिलं, हे भरा. मशीन बंद म्हटलं की मशीनचा क्रमांक आणि तंत्रज्ञाचं नाव भरा. अन्य म्हटलं तर निदान वीस शब्दांत खुलासा करा. फक्त असहकार निवडलं की पुढे काहीही विचारलं जात नसे. जो ऐकतच नाही त्याच्याबद्दल आणखी काय विचारायचं, असं यादी करणाऱ्याला वाटलं असावं.

सुपरफास्ट असहकार निवडायची. आपापल्या विभागाच्या हजेरीत चारही खिडक्या असहकारच निवडायच्या. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी हे शिकवलं जायचं. पहिलं दाबायचं आणि पुढे जायचं, वाचतंय कोण? आणि खरंच, दोन वर्षं ते कोणी वाचलं नाही.

मग वाचणारा आला.

रुग्ण वाढत गेले, मशीनं तेवढीच राहिली. पक्की वेळ कोणाला द्यायची आणि मशीन रिकामं असेल तेव्हाच कोणाला बोलवायचं, यावरून वर रोज कटकटी होऊ लागल्या. वशिल्याचे आरोप झाले. म्हणून रुग्णालयानं नवी प्रणाली आणली. आता निवड माणूस करणार नाही, संगणक करेल, म्हणजे पक्षपाताला जागाच नाही, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं गेलं आणि समोर बसलेल्या आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रणालीचं म्हणणं सरळ होतं. जो येतच नाही त्याच्यासाठी मशीन अडवून का ठेवायचं? दोन वर्षांच्या नोंदी तिनं एका दुपारात वाचून काढल्या. आजारपणाचे गुण कापले नाहीत, मशीन बंदचे कापले नाहीत. असहकाराचे मात्र भरपूर कापले. पहिल्या तारखेला यादी लागली.

ज्यांची पक्की वेळ गेली त्यांच्यात एक म्हातारा होता. बस डेपोत सत्तावीस वर्षं टाइमकीपर होता, म्हणून इथेही सगळे त्याला टाइमकीपरच म्हणत. घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचा, कारण डाव्या हातावर सुया टोचून टोचून गाठी आल्या होत्या. माणूस तिरसट. मशीन सातऐवजी सात बाराला सुरू झालं तर वहीत लिहून ठेवायचा आणि सिस्टरांना वाचून दाखवायचा. त्यामुळे त्याचं नाव यादीतून गेलं तेव्हा वर कोणाच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही.

तो तीन मजले उतरून दोन नंबरच्या खिडकीशी आला आणि भोकाशी वाकला.

“बाई, माझी वेळ गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात. तीन वर्षं तीच आहे. आता म्हणतात, फोन येईल तेव्हा या.”

“यादी वरून लागते काका. आमच्या हातात काही नाही.”

“वरचे म्हणतात संगणकातून येते. संगणकात कोण घालतं?”

सुपरफास्टनं त्याचा क्रमांक टाकला. चार ओळी आल्या. चार तारखा, चारही पुढे असहकार, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी नोंद करणाऱ्याचा क्रमांक, सतरा. सतरा म्हणजे तीच. तिनं पडदा जरासा स्वतःकडे वळवला.

“तुम्ही चार वेळा आला नाहीत.”

“का आलो नाही, ते लिहिलंय?”

“असहकार लिहिलंय.”

टाइमकीपरनं खिशातून वही काढली. चष्मा पुसला. मागे रांग होती, पण त्यानं घाई केली नाही.

“तारखा सांगा,” तो म्हणाला. तिनं सांगितल्या. “पहिल्या तारखेला मी पावणेसातला हजर होतो. तीन नंबरचं मशीन बिघडलं होतं. अकरापर्यंत बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं. दुसऱ्या तारखेला मी ह्याच इमारतीत होतो, दुसऱ्या मजल्यावर, तापानं पडलेला. तुमच्याच डॉक्टरांनी भरती केलं होतं आणि रक्तही तिथंच शुद्ध केलं होतं. तिसरी आणि चौथी…” त्यानं पान उलटलं. “तेव्हा माझी बायको गेली. एका खेपेच्या दिवशी ती गेली आणि पुढच्या खेपेला मला उठवेना.”

सुपरफास्टला त्या क्षणी सगळं समजलं होतं. चौकट उघडून तिथल्या तिथे दुरुस्ती करता आली असती. पण विभागाचा नियम असा होता की जुनी नोंद बदलली की ती बदलणाऱ्याची चूक धरायची, आणि वर्षात तीन चुका झाल्या की कंत्राट संपलं. इथे एकाच माणसाच्या चार होत्या.

“असं तोंडी नाही चालत काका,” ती म्हणाली. “प्रत्येक तारखेचा पुरावा आणा.”

“हा सतरा नंबर कोणाचा?” चष्म्याच्या वरच्या कडेतून बघत त्यानं विचारलं. वळवलेल्या पडद्यावरचं तेवढं त्याला दिसलं होतं.

“शोधावं लागेल.”

तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ठळक अक्षरांत सतरा लिहिलेलं होतं. टाइमकीपरनं ते पाहिलं. “शोधा,” एवढंच म्हणाला आणि गेला.

दुपारी ती साहेबांकडे गेली. आपलं म्हणून नाही, असंच एक प्रकरण म्हणून तिनं विचारलं. साहेब नोंदणी विभागाचे प्रमुख होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांना ती शांततेत काढायची होती.

“एक नोंद चुकीची म्हटलीस की सगळ्या नोंदी तपासायला येतील,” साहेब म्हणाले. “प्रणालीवर किती मोठ्या माणसांची नावं लागली आहेत, माहीत आहे ना? पुरावा मागायचा. माणूस पुरावे गोळा करत बसतो आणि त्यात चारसहा आठवडे जातात. तोवर त्याचा रागही निवतो.”

“पण साहेब, डायलिसिसचे लोक आहेत.”

“म्हणूनच म्हणतो. चारसहा आठवडे पुरतात.”

असं ते म्हणाले, आणि चहाचा कप बशीवर ठेवला. माणसं एवढी क्रूर बोलतात तेव्हा आवाज चढवत नाहीत, हे मी आयुष्यात पुष्कळदा पाहिलं आहे.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो इस्त्री करत होता. तो म्हणाला, “सगळेच तेच दाबतात ना? मग तू एकटीनं कशाला अंगावर घेतेस?” ह्या वाक्यानं तिला झोप लागली. आपल्यापैकी किती जणांना हेच वाक्य झोपवतं, याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

टाइमकीपर आता ‘फोन आला की’ वाल्यांत होता. फोनची वाट घरी बघून भागत नसे, कारण रिकामं मशीन जो समोर दिसेल त्याला मिळायचं. म्हणून तो रोज सकाळी सातला येऊन तिसऱ्या मजल्याच्या बाकावर बसायचा. कधी चार दिवसांनी पाळी यायची, कधी सहा. पाय सुजले, बूट चढेनात, मग रबरी चपलांचे पट्टे कापून त्या घालायला लागला. दोन वाक्यांच्या मधे थांबून श्वास घ्यायला लागला. अशा अवस्थेत त्यानं पुरावे गोळा केले. मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाच्या मागे चार दिवस फिरून त्याची सही आणली. जन्ममृत्यू नोंदणीच्या कार्यालयात उभं राहून बायकोच्या मृत्यूचा दाखला काढला. ही धावपळ त्याची मुलगी करू शकली असती, पण ती बेकरीत पहाटेपासून कामाला असायची आणि बापाला कोणाच्या हाती कागद द्यायची सवय नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात तो दाखला घेऊन खिडकीशी आला. सुपरफास्टनं तो स्कॅन केला. पडद्यावर लाल पट्टी आली.

“फाइल मोठी आहे काका. घेत नाही.”

“म्हणजे?”

“दाखला लहान करून आणा. बाहेर झेरॉक्सवाला करून देईल.”

“बायकोचा मृत्यू लहान करून आणू?”

शेजारच्या खिडकीतल्या मुलीला हसू आलं. तिनं ते ओढणीत दाबलं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “आजोबा, आटपा ना, आम्हालाही कामं आहेत.” रांगेत कोण होतं विचाराल, तर तुम्ही होता, मी होतो. आपल्याला खरंच कामं होती.

टाइमकीपर काचेला हात टेकून उभा राहिला.

“बाई, मीही तुमच्यासारखाच खिडकीत बसायचो. गाडी उशिरा आली की रकान्यात मिनिटं लिहायची आणि त्यापुढे शेरा. टायर फुटला, फाटक बंद होतं, ड्रायव्हरला चक्कर आली. मिनिटं घड्याळात दिसतात. शेरा दिसत नाही, तो विचारावा लागतो. खिडकीतून मान बाहेर काढावी लागते.”

“काका, इथे दिवसाला तीनशे नोंदी असतात.”

“माझ्याकडे चारशे गाड्या असायच्या. मी मोठा शहाणा होतो, असं नाही म्हणत.” त्यानं श्वास घेतला. “एकदा कंटाळा केला. एक ड्रायव्हर चाळीस मिनिटं उशिरा आला आणि मी न विचारता ‘हलगर्जी’ लिहून टाकलं. वाटेत त्याच्या गाडीतल्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या. त्यानं गाडी वळवून तिला दवाखान्यात पोचवलं होतं. मला कळलं तोवर त्याची लांब बदली झाली होती. घरात आजारी आई, आणि हा तिकडे. मी चूक लिहून दिली नाही. वरचे म्हणाले, आता कशाला उकरून काढता, आणि मला तेवढंच हवं होतं. त्याची आई गेली तेव्हा तो जवळ नव्हता. माझी एक लेखणी, बाई, पण त्याचं सगळं घर. तुम्ही तरी असं करू नका.”

सतरा नंबर कोणाचा, हे त्याला ठाऊक होतं. बाईनं मान खाली घातली आणि म्हणाली, “लहान करून आणा, काका.”

तो लहान करून आणायला गेला.

आठवड्यानं तो परत आला. आता एकच कागद उरला होता, दुसऱ्या मजल्यावर तो भरती होता त्या दिवसांचा. तोही त्यानं मिळवला होता. ओठ निळसर पडले होते. कागद आत सरकवताना भोकाच्या कडेला अडला. त्यामुळे कागद दुमडला, मग त्यानं तो सरळ करून पुन्हा सरकवला.

सुपरफास्टनं कागद पाहिला. सगळं बरोबर होतं. तारखा, डॉक्टरांची सही, वॉर्डचा क्रमांक. आता चारही तारखांचे पुरावे तिच्यासमोर होते आणि दुरुस्तीचं बटण दाबण्यावाचून इलाज नव्हता. त्याच शुक्रवारी कायम होणाऱ्यांची यादी साहेब वर पाठवणार होते. शुक्रवार तीन दिवसांवर होता.

“काका,” ती म्हणाली, “ह्याच्यावर शिक्का नाही.”

“सही आहे.”

“शिक्का लागतो.”

लागत नव्हता. असा कोणताही नियम नव्हता. तिनं तो तिथल्या तिथे, तीन दिवसांसाठी, तयार केला.

“लिफ्ट?” टाइमकीपरनं विचारलं.

“ती स्ट्रेचरसाठी आहे.”

तो जिन्याकडे गेला. पहिल्या मजल्याच्या वळणावर दोन पायऱ्या उरल्या असताना खाली बसला, मग आडवा झाला. कठडा धरलेला हात सगळ्यांत शेवटी सुटला, असं झाडूवाल्या मावशींनी नंतर सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला तेव्हा सुपरफास्टनं खिडकीतून मान बाहेर काढली. महिनाभरात पहिल्यांदाच.

मग सगळं झालं. स्ट्रेचर आलं, लिफ्ट आली, डॉक्टर धावले. बंद पडलेलं हृदय त्यांनी पुन्हा चालू केलं आणि एक मशीन ताबडतोब रिकामं करून दिलं. महिनाभर जे मागून मिळालं नव्हतं ते आता न मागता मिळालं. पण मेंदूला फार वेळ रक्त पोचलं नव्हतं. टाइमकीपर जगला. डोळे उघडे असतात, पापण्या लवतात, नळीतून अन्न जातं. बोलत नाही, ओळखत नाही. भरती रुग्ण म्हणून आता त्याला आठवड्यातून तीनदा मशीन मिळतं. तो एकही खेप चुकवत नाही, आणि प्रणालीच्या हिशेबानं तो आज सगळ्यांत आज्ञाधारक रुग्ण आहे.

शुक्रवारी साहेबांनी यादी वर पाठवली. सुपरफास्टचं नाव पहिलं होतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तिनं हसायचा प्रयत्न केला, पण तोंड वेडंवाकडं झालं आणि ती उठून बाहेर गेली. मुतारीच्या शेजारच्या खोलीत, जिथे बादल्या आणि पोछे ठेवतात, तिथे ती उभी राहिली आणि तिला ओकारी आली. हे मी सभ्य भाषेत लिहू शकलो असतो, पण तसं लिहून काय मिळवायचं?

दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या मजल्यावर गेली. टाइमकीपरच्या उशाशी त्याची मुलगी बसली होती. कामावरूनच आली होती, कपाळाशी केसांत मैद्याची पूड होती. बापाच्या नखांना नेलकटर लावत होती. तिला वाटलं, ही बाई कुठला तरी कागद मागायला आली.

“काय आणायचंय?” तिनं विचारलं.

“काही नाही.” सुपरफास्टनं हात पुढे बांधले. “त्या चार नोंदी माझ्या होत्या. मी न विचारता असहकार दाबलं. नंतर मला सगळं माहीत होतं. शिक्का लागत नव्हता. मी त्यांना मुद्दाम वर पाठवलं.”

मुलगी नखंच कापत राहिली. एक नख तिनं पुरं केलं, पुढचं घेतलं.

“कायम झालात ना तुम्ही?” ती म्हणाली. “मावशी सांगत होत्या.”

“हो.”

“छान.”

“मला माफ करा, असं म्हणायला मी आले नाही.”

“तेच म्हणायला आलात. मला सांगून तुम्हाला जरा बरं वाटलं असेल. मला बरं वाटावं असं काही आहे का तुमच्याजवळ?”

“नाही,” सुपरफास्ट म्हणाली.

“माझ्या बापाला विचारून आता उपयोग नाही,” मुलगी म्हणाली. “ज्यांना अजून बोलता येतं त्यांना जाऊन विचारा. आणि इथून जा. रोज येऊन उशाशी रडत बसाल तर सिस्टरांना सांगून बाहेर काढीन.”

सुपरफास्ट खाली आली. खिडकीत बसली आणि सतरा नंबरच्या सगळ्या असहकाराच्या नोंदी बाहेर काढल्या. नऊशे बारा निघाल्या, दोनशे सात माणसांच्या. तिनं कागद घेतला आणि हातानं लिहिलं की ह्या नऊशे बारा नोंदी मी कारण न विचारता केल्या आहेत, त्या खोट्या धराव्यात, आणि त्यांच्यावरून ज्यांची वेळ गेली त्यांना ती परत द्यावी. खाली सही केली. एक प्रत साहेबांना दिली आणि दुसरी, साहेब वाचून होण्याच्या आत, थेट रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या टपालात टाकली.

साहेबांनी कागद तीनदा वाचला.

“तुला काय वेड लागलंय का?” ते म्हणाले. “बाकीच्या तीन खिडक्यांनीही हेच केलंय. सगळे जण गोत्यात येतील. तुझी नोकरी जाईल, माझं पेन्शन अडकेल, पोरींच्या घरी चुली विझतील. आणि त्या म्हाताऱ्याला काय, उठून बसता येणार आहे?”

“नाही येणार.”

“मग?”

“बाकीचे दोनशे सहा अजून जिने चढतायत, साहेब.”

नोकरी गेलीच. कायम झाल्याचं पत्र हातात पडण्याआधी परत गेलं आणि महिन्याची नोटीस मिळाली. बाकीच्या तीन खिडक्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. डबा खायला ती बसली की त्या उठून जात. ओढणीत हसणारी मुलगी एकदा तोंडावर म्हणाली, “तुम्हाला पुण्य कमवायचं होतं ते आमच्या जिवावर का?” आणि हा प्रश्नही अगदीच खोटा नव्हता. अधीक्षकांनी यादी थांबवली, चौकशी नेमली. चौकशी म्हणाली, कारणं नव्यानं भरा, मग पाहू. ते काम करायला अर्थातच कोणी तयार नव्हतं. ते तिनं मागून घेतलं.

नोटिशीचा तो सगळा महिना सुपरफास्ट फोन घेऊन बसली. एकेक नंबर लावायचा, तारीख सांगायची आणि विचारायचं, “त्या दिवशी तुम्ही का आला नव्हता?” आता फळ्यावर तिचा नंबर सगळ्यांत खाली होता. दिवसाला दहा माणसं होत, कधी सात. कोणी शिव्या दिल्या. कोणी म्हणालं, मी आलो होतो, तुमच्याच लोकांनी परत पाठवलं. एकाला खरंच यायचं नव्हतं, त्याला सुयांची भीती वाटत होती. तेही तिनं लिहिलं, वीस शब्दांत, जसंच्या तसं. बऱ्याच जणांना वेळ परत मिळाली. तेवढं चांगलं ह्या गोष्टीत आहे, आणि ते मी लपवणार नाही.

शेवटच्या आठवड्यात एक फोन एका बाईनं उचलला. सुपरफास्टनं नवऱ्याचं नाव घेतलं, तारीख सांगितली, प्रश्न विचारला.

“त्या दिवशी मशीन बंद होतं,” बाई म्हणाली. “आम्ही दोघं आलो होतो. पण आता कशाला विचारता?”

“यादीत चुकीचं कारण लागलं होतं. ते दुरुस्त करतोय. त्यांना वेळ परत मिळेल.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“यादीतून नाव गेलं तेव्हा त्यांना वाटलं, डॉक्टरांनीच आशा सोडली,” बाई म्हणाली. “आपला काही उपयोग उरला नाही म्हणून नाव काढलं, असं धरून बसले. मी म्हणायचे, जाऊन विचारू. तर म्हणायचे, मोठी माणसं विचार करून ठरवतात, त्यांना कशाला त्रास. मग जायचं सोडलं. गेल्या महिन्यात गेले.” ती थांबली. “म्हणजे नुसतं मशीन बंद होतं, तेवढंच होतं का हो? कोणी काही ठरवलं नव्हतं?”

सुपरफास्टच्या समोर चौकट उघडी होती. खोटं बोलता आलं असतं. डॉक्टरांनी पुष्कळ विचार केला होता, असं म्हणता आलं असतं, आणि त्या बाईला ते कदाचित सोसलंही असतं.

“नाही,” ती म्हणाली. “कोणी काही ठरवलं नव्हतं. मी न बघता पहिला शब्द दाबला होता.”

बाईनं फोन ठेवला. सुपरफास्टनं मशीनचा क्रमांक शोधला, तंत्रज्ञाचं नाव शोधलं, नोंद पूर्ण केली आणि पुढचा नंबर लावला.

वाचकहो, आपण सगळे आता कोणत्या ना कोणत्या खिडकीत बसलेलो आहोत. शिक्षक शेरे भरतात, पोलीस नोंदी भरतात, आपण गिऱ्हाईक म्हणून चांदण्या देतो, शेजाऱ्याबद्दल गटावर दोन ओळी टाकतो. पूर्वी कंटाळ्यानं लिहिलेलं कागदावर पडून राहायचं आणि बऱ्याचदा कोणी वाचायचं नाही. आता सगळं वाचलं जातं. वाचणाऱ्याला माणूस दिसत नाही, फक्त आपण दाबलेला शब्द दिसतो, आणि तो त्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. यंत्र निर्दय आहे, असं म्हणू नका. त्याला निर्दय व्हायला लागणारी सगळी सामग्री आपण आपल्या हातांनी, रोज, कामाच्या वेळेत पुरवतो. माणसाबद्दल काही लिहायचं असेल तर आधी त्याला विचारा. विचारायला सवड नसेल तर चौकट रिकामी सोडा. पडदा अडेल, रांग खोळंबेल, साहेब ओरडतील, तुम्हाला तोटाही होईल. तो होऊ द्या.